एरंडावर सोडलेल्या अळ्या

लिलाबाईने सासरी येऊन काही मागितलं असेल तर ते एवढंच, विहिरीलगतची पट्टी. पाटल्या नाहीत, लुगडं नाही, सणाला माहेरी जायची परवानगीसुद्धा कधी तोंड उघडून मागितली नाही. चोपड्याच्या अलीकडे तिचं माहेर. तिथं पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला करायचे, त्यामुळे वाफा ओढणं, रोप लावणं, पाटाच्या पाण्याची दारं धरणं हे तिच्या अंगातच होतं. आणि सासर मिळालं कापूस-ज्वारीवाल्यांचं. इथं भाजी म्हणजे बांधावर आपसूक उगवलेली कटुर्ली, नाहीतर बाजारातून पिशवीत कोंबून आणलेली कोमेजलेली वांगी. ती वांगी चिरताना लिलाबाईचा जीव तुटायचा. पाणी आहे, जमीन आहे, हात आहेत, आणि आपण दुसऱ्याच्या मळ्यातलं शिळं खातोय!

जमीन सासऱ्याच्या नावावर होती. सासरे झुलाल, सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा. आबांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. ते खोटं बोलायचे नाहीत आणि मुंगीसुद्धा मारायचे नाहीत. चाळिशीत त्यांनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतला, तेव्हापासून पाणी गाळून प्यायचे आणि भेटेल त्याला रामरामऐवजी दंडवत घालायचे. पंथातले बाकीचे उपदेशी शेती करायचे, फवारेही मारायचे. आबांचं मात्र जगावेगळं. बाजेत ढेकूण झाले तर ती उन्हात आपटून, खाली पडलेले ढेकूण सुपात भरून गल्लीबाहेर सोडून यायचे.

"गल्लीबाहेरनासले चावोत, आपला हाते मराले नको," केसरबाई वाकडं तोंड करून म्हणायची. केसरबाई म्हणजे आबांची बायको. तिनं उपदेश घेतला नव्हता. एका घरात एक देवमाणूस पुरे, असं तिचं मत होतं.

त्या पट्टीवर आणखी एकाचा डोळा होता. बांधाला बांध लागून गिरधरचं वावर होतं. गिरधर गोड माणूस. इतका गोड की त्याच्याशी बोलून घरी आलं की आपण काहीतरी देऊन आलोय असं वाटायचं. त्याला केळीचा कांदेबाग, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरची केळी, लावायला विहिरीजवळची जागा हवी होती. बटाईनं द्या, अर्धं पीक घरी आणून टाकतो, म्हणत होता. लिलाबाईचा नवरा भिकन याला तर एका पायावर कबूल होतं. काम न करता पीक घरात येत असेल तर कुणाला नको असतं? पण आबा म्हणाले, "एक हिवाळा लिलाले करू दे. जमनं ते पट्टी तिनी. नई जमनं ते गिरधर शेच."

एक हिवाळा. लिलाबाईनं तो शब्द पदराला गाठ मारून ठेवावा तसा ठेवला. पोळा झाल्यावर माहेराहून ओल्या पोत्यात गुंडाळून फुलकोबीची रोपं आणली. वाफे स्वतः ओढले. गावात फुलकोबी कुणी केली नव्हती; टीव्हीसुद्धा गावात यायचा होता. बायका विहिरीवर येता-जाता थांबून बघायच्या. लिलाबाईनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं, दिवाळीनंतर चोपड्याच्या बाजारात टोपली घेऊन मी स्वतः बसणार. हे सांगायला नको होतं, असं तिला पुढं फार वाटलं.

रोपांनी जीव धरला, पानं हातभर झाली आणि एका सकाळी तिला एक पान दिसलं, नुसती चाळणी. हिरवं सगळं खरवडलेलं, शिरा तेवढ्या उरलेल्या. तिनं पान उलटं केलं आणि हाक मारली.

चौघं वाफ्याच्या काठाशी उकिडवी बसली. पानाच्या पाठीवर बारीक हिरव्या अळ्यांचा थवा होता. सगळ्यांची डोकी एकाच बाजूला, सगळ्या एका चालीनं खरवडत होत्या. मागं हिरवट काळी घाण पडत होती.

"वं माय! हाई ते वऱ्हाड उतरनं," केसरबाई म्हणाली.

आबांनी चष्मा लावला. पान हातात न घेता ते स्वतःच खाली वाकले. किती वेळ बघत राहिले. "कशा वळमां बठेल शेतस देख. एक सरकनी का बठ्ठ्या सरकतस. कोनी कोनाले ढकलस नई."

"आबा, ह्या काय कीर्तनले उन्यात का?" लिलाबाईचा आवाज चढला. "आठ दिनमां बठ्ठं चाटी जातीन."

"चाटतीन. त्यासले भूक शे."

"मंग काय करू? पान वाढू?"

भिकन हसला. आबा हसले नाहीत. म्हणाले, "मारानं नई. येची काढा आनि दूर सोडी द्या. आपलं पीक भी वाची, त्यासना जीव भी वाची."

भिकन दुसऱ्या दिवशी कुणाकडून तरी फवारणीचा पंप घेऊन आला. आबा ओट्यावर बसले होते. ओरडले नाहीत, उठलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "मार औषध. जितला जीव मरतीन तितला दिन मी जेवाव नई." भिकननं पंप खाली ठेवला. खरं तर त्यालाही ते ओझं पाठीवर घेऊन वाफ्यावाफ्यातून हिंडायचं नव्हतं. बापाचा धर्म त्याच्या आळसाला बरा सापडला.

आबांची धमकी पोकळ नव्हती. लिलाबाईनं एकदा त्यांची पाठ वळलेली बघून एक जाडजूड अळी टाचेखाली घेतली. आबांनी वळून पाहिलं नाही, पण दुपारी ताटावर बसले नाहीत. बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. घरातला म्हातारा उपाशी आणि सुनेनं भाकरी मोडायची, हे कसं जमणार? तीही उपाशीच राहिली. केसरबाईनं दोघांच्या भाकरी गाईपुढं टाकल्या. "अळी मरस वावरमां आनि भाकर वाया जास घरमां," म्हणाली.

मग वेचणं सुरू झालं. तुपाचा रिकामा डबा घेऊन फटफटायच्या आत वाफ्यात उतरायचं, कारण ऊन लागलं की मोठ्या अळ्या ढेकळाखाली दडायच्या. पान उलटायचं, चिमटीत धरायची, डब्यात टाकायची. हात लावला की अळी अंगाची गुंडाळी करून पडायची, मेल्याचं सोंग. लिलाबाईला त्या सोंगाचा फार संताप यायचा. गार दहिवरानं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजायचं, बोटांची टोकं हिरवी होऊन उकलायची, आणि कंबर सरळ केली की डोळ्यापुढं काजवे चमकायचे. आबाही वेचायचे, पण त्यांच्या वेचण्यात अर्धं दर्शन असायचं. ही काळी झाली, हिच्या पाठीवर पिवळी रेघ उमटली, हिनं कात टाकली. नातवाचं कौतुक करावं तसं करायचे.

डबा भरला की आबा तो घेऊन नाल्यापलीकडे जायचे. म्हाताऱ्याचे गुडघे धरलेले. ते नाल्यापर्यंत जाऊन परत येईपर्यंत ऊन डोक्यावर यायचं आणि अर्धे वाफे तसेच राहायचे. रात्रीतून त्या राहिलेल्या अळ्या पानांचा फडशा पाडायच्या. वेचावं तेवढ्या पुन्हा तयार. भिकन चार दिवस वेचायला आला आणि पाचव्या दिवशी त्याच्या पाठीत उसण भरली. ती काही लवकर उतरली नाही.

एका सकाळी लिलाबाईचा धीर सुटला. आबा डबा उचलून निघाले होते. तिनं बांधाकडं बोट दाखवलं. बांधावर एरंडाची रांग होती, आणि त्याच्यापुढं गिरधरची कपाशी.

"आबा, कसाले नालालगून मरतस? तठे एरंड शे ना. पानं मोठला शेतस. तठेच सोडा, खातीन आनि ऱ्हातीन."

आबा थांबले. एरंडाकडं बघितलं, डब्यात बघितलं. "त्यासले चालीन का?"

"चालीन! तुम्हीन सोडी त देखा."

सोडल्या. आणि चाललं. नुसतं चाललं नाही, अळ्या एरंडावर अशा तुटून पडल्या की आबांना आनंद झाला. आता डबा रिकामा करून ते पटकन परत यायचे, आणि बाकीचे वाफेही हाताखालून जायचे. पंधरवड्यात फुलकोबी सावरली. नवी पानं धडकी येऊ लागली. दिवाळीचा फराळ संपता संपता पानांच्या मधोमध पांढरं डोकावलं. लिलाबाईनं बोट घालून बघितलं. गड्डा लिंबाएवढा होता. मग अंड्याएवढा झाला, मग मुठीएवढा. तिनं उन्हानं पिवळा पडू नये म्हणून वरची पानं मोडून गड्ड्यांवर झाकली. त्या दिवसांत ती गुणगुणत भाकरी थापायची. केसरबाईनं माळ्यावरून जुनी टोपली काढली आणि शेणानं सारवून उन्हात ठेवली.

"आखो आठ-धा दिन," लिलाबाई भिकनला म्हणाली. "मंग तुम्हीच डोकावर लेतस टोपली."

"लेसू ना," भिकन म्हणाला. गड्डे दिसायला लागल्यावर त्याचीही पाठ बरी होत आली होती.

बांधापलीकडे कुणी बघितलंच नाही. आबांनी एरंडापर्यंत बघितलं. एरंड संपल्यावर खाणारा कुठं जातो, हे त्यांच्या मनात आलं नाही, आणि लिलाबाईच्या मनात आलं असेल तर तिनं ते दाबलं. गिरधरच्या कपाशीचं तिला काय एवढं पडलं होतं?

गिरधर विहिरीवर आला तेव्हा मोटर चालू होती, दोन-चार माणसं हातपाय धुवायला थांबली होती. लिलाबाई पाटाशी दारं धरून उभी होती. गिरधरच्या एका हातात एरंडाचं पान होतं, नुसता शिरांचा सांगाडा. दुसऱ्या हातात कपाशीची फांदी, तिच्या बोंडांना भोकं.

"आबा, दंडवत," तो म्हणाला. एरवी तो रामराम करायचा.

"दंडवत गिरधर. बस."

"बसाले टाईम कोठे शे आबा. हाई देखा. एरंड खाई टाका, आते कपाशीमां उतरन्यात. बांधजोडेन्या ओळी ते गयात बठ्ठ्या. गडी सांगस, कोनीतरी आनीसन सोड्यात. मी म्हननू, असं कोन करी? आपलं कोनाशी वैर नई."

"अळ्या काय कोनी सोडस का?" भिकन घाईनं बोलला. "त्या आपसूक येतस. यंदा हवाच तशी शे."

त्यानं बापाकडं बघितलंसुद्धा नाही, कारण बघितलं असतं तर बाप काय बोलणार हे त्याला ठाऊक होतं. पण आबा बोललेच.

"मी सोड्यात."

मोटरीचं पाणी धो धो पडत होतं. लिलाबाईच्या तोंडाशी शब्द आले, मी सांगितलं होतं, माझ्या सांगण्यावरून सोडल्या. ते तोंडाशीच राहिले. आबांनी तिच्याकडं नजरसुद्धा वळवली नाही. "मन्हा हाते सोड्यात, गिरधर. माले वाटनं एरंडवर ऱ्हातीन. मन्हं चुकनं. सांग, काय भरी देऊ?"

"तुमनाकडथून काय लेवानं आबा?" गिरधरचा आवाज आणखी मऊ झाला. "तुम्ही देवमानूस. तुम्हीच न्याय करा, मी मान खाले घालसू." आणि मान खाली घालण्याआधी त्यानं एकदा पट्टीकडं बघून घेतलं. "मन्हा ते केळना कंद भी पडेल शेतस. थंडी वाढनी का फुटतस नई. आवंदा बठ्ठीकडथून मार शे."

आबांनीही पट्टीकडं बघितलं. मग म्हणाले, "पट्टी ली ले. बटाई नको. दोन साल तूच कर, तूच खाय."

"आबा!" लिलाबाई चिखलातून धावत आली. पाटाचं दार तसंच उघडं राहिलं, पाणी वाहून चाललं. "गोबी आठ-धा दिनवर उनी शे!"

"वहिनी, मी तीन-चार दिन थांबस ना," गिरधर म्हणाला. "मी काय राक्षस शे का?"

विहिरीवरची माणसं आबांकडं बघत होती. एकानं कानाला हात लावला. आजच्या काळात असा माणूस राहिला नाही, असं दुसरा म्हणाला, आणि ते गावभर झालं. संध्याकाळपर्यंत घरोघरी आबांच्या खरेपणाची वाहवा चालली होती. लिलाबाईच्या फुलकोबीचं कुणी नाव काढलं नाही.

घरी केसरबाई भांडी आपटत होती. भिकन उंबऱ्यात विडी ओढत बसला होता.

"तुम्हीन काही बोलशात का नई?" लिलाबाईनं त्याला विचारलं.

"शबूद दिधा आबासनी. आते काय बोलू?"

"कोनी पट्टी, कोन शबूद दिस! ती पट्टी मन्ही व्हती."

"पट्टी आबाना नाववर शे," भिकन म्हणाला आणि विडी विझवून बाहेर गेला.

लिलाबाईनं भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि मळता मळता थांबली. आबा कोपऱ्यात माळ घेऊन बसले होते. त्यांनी तिचं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. सगळ्यांसमक्ष म्हणाले असते, सुनेनं सांगितलं म्हणून सोडल्या, तर तिला मोकळेपणी भांडता आलं असतं. त्यांनी दोष आपल्या अंगावर घेतला आणि तिचा राग अर्धवट करून ठेवला. देवमाणसाशी धड भांडताही येत नाही.

"लिला," आबा हळूच म्हणाले, "त्यानं नुकसान आपलामुळे व्हयनं ना?"

"व्हयनं. मी कोठे नई म्हनस?" तिनं पिठाचे हात झटकले. "पन आबा, तुमले अळीनी भूक दिसस. गिरधरनी कपाशी दिसस. मी तुमले कधी दिसनू का? पहाटपशी कंबर मोडीसन तुमनाजोडे वाफामां मीच व्हतू ना?"

आबांचा माळेवरचा हात थांबला. त्या रात्री सगळे जेवले, पण ताटात कुणाचं लक्ष नव्हतं.

पुढचे दोन-तीन दिवस लिलाबाई वाफ्यात फिरकलीच नाही. गिरधरनं सांगितलेली मुदत संपली त्या सकाळी मात्र ती गेली. डबा घेतला नाही. पदर डोक्यावरून घेऊन वाफ्याच्या काठाशी बसली आणि बघत राहिली.

वेचणारं कुणी नसताना दोन-तीन दिवसांत अळ्यांनी हात धुऊन घेतले होते. झाकलेली पानं खाऊन अळ्या गड्ड्यांत शिरल्या होत्या. पांढऱ्या गड्ड्यावर हिरवी घाण साचली होती. एक जाड अळी तिच्यासमोरच होती. डोकं वर करून जरा हलवायची, मग कडेला तोंड लावून वरून खाली खात यायची, पुन्हा वर जायची. लिलाबाईनं इतक्या दिवसांत त्यांना निवांत बसून कधी बघितलं नव्हतं. किती बिनघोर खात होती! हिला मुदत नव्हती, सासरा नव्हता, कुणाला सांगून ठेवलेलं नव्हतं.

आबा आले. सवयीनं त्यांच्या हातात डबा होता. ते ओळीत बसले आणि वेचू लागले. पान उलटायचं, चिमटीत धरायची, टाकायची. डबा अर्धा भरल्यावर गुडघ्यावर हात टेकून उठले. बांधाकडं बघितलं. तिथं गिरधरचा गडी बैल घेऊन उभा होता. नाल्याकडं बघितलं. नाल्यापर्यंतची सगळी वाट गिरधरच्या वावराच्या कडेनं होती.

"लिला, कोठे सोडू?"

"आठेच सोडा. जेवू द्या त्यासले. आते पट्टी काय आपली शे?"

आबा पाटाच्या दगडाशी खाली बसले. डब्यात हात घातला, एक अळी काढून दगडावर ठेवली. तिनं अंगाची गुंडाळी केली. आबांनी तिच्यावर अंगठा टेकवला. मग त्यांनी डोळे मिटले आणि दाबला. हिरवा रस दगडावर पसरला. त्यांनी डोळे उघडून लिलाबाईकडं बघितलं, अंगठा धोतराला पुसला आणि दुसरी काढली. तीही दाबली. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

लिलाबाई दोन महिने याच गोष्टीसाठी तळमळली होती. आता ती बघत होती आणि तिला ते बघवत नव्हतं. तिसरी अळी दगडावर आली तशी ती उठली आणि तिनं म्हाताऱ्याचं मनगट धरलं.

"नका आबा."

"तुले पाहिजे व्हतं ना?" आबांचा आवाज फाटला होता.

"तव्हय पाहिजे व्हतं. तव्हय मारतात ते पट्टी ऱ्हाती. आते मारीसन काय? पट्टी भी गई आनि तुमना नेम भी गया. घरमां काहीतरी ऱ्हाऊ द्या."

आबांनी मनगट सोडवून घेतलं नाही. दगडावरची अळी गुंडाळी सोडून हळूच कडेनं खाली उतरली आणि वाफ्यात शिरली. बांधावरून गड्यानं हाक मारली, "आबा, औत घालू का?" लिलाबाईनंच मान वळवली आणि मोठ्यानं सांगितलं, "घाल."